रीडबॅक बरोबर, तरी अपघात? वैमानिक-नियंत्रक रेडिओसंवादातले घोळ

पुष्पक_७

२ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर उतरणारं जपान एअरलाइन्सचं ए३५० धावपट्टीवर उभ्या असलेल्या तटरक्षक दलाच्या डॅश-८ वर आदळलं. ए३५० मधले सगळे ३७९ जण जिवंत बाहेर पडले. डॅश-८ मधल्या सहांपैकी पाच गेले.

टॉवरने डॅश-८ ला दिलेली सूचना होती: नंबर वन, होल्डिंग पॉइंट (धावपट्टीच्या आधी थांबायची जागा) सी-फाइव्हपर्यंत टॅक्सी करा, म्हणजे जमिनीवरून चाकांवर जा. वैमानिकांनी ती परत वाचली, म्हणजे रीडबॅक दिला: होल्डिंग पॉइंट सी-फाइव्ह, नंबर वन, थँक यू. यात एकही चूक नाही. तरी विमान होल्डिंग पॉइंट ओलांडून धावपट्टीवर गेलं आणि सुमारे ४० सेकंद तिथेच उभं राहिलं.

आपल्याकडे या विषयावर बोलणं निघालं की "रीडबॅक नीट दिला असता तर" यावर येऊन थांबतं. इथे तर तो नीट दिला होता. म्हणून हा धागा. रीडबॅक नक्की काय पकडतो आणि त्याच्या हातून काय निसटतं? नियंत्रण, रेडिओ, उड्डाण यातलं ज्याला जे नेमकं माहीत आहे त्याने ते लिहावं.

टॉवर१४३२

धागा चांगला. हानेदापासूनच सुरू करतो.

"नंबर वन" हा फक्त रांगेतला क्रमांक. उड्डाणासाठी तुमचा नंबर पहिला, एवढंच तो सांगतो, परवानगी कसलीच देत नाही. पण घाईत असलेल्या माणसाच्या कानाला तो "चला, तुमची पाळी" असा लागतो. त्या दिवशी ते विमान नोटो भूकंपासाठी मदत घेऊन निघालं होतं. जपानच्या वाहतूक सुरक्षा मंडळाच्या अंतरिम अहवालात हेच आलं आहे: कॅप्टनची समजूत अशी झाली होती की धावपट्टीवर जायची परवानगी मिळाली.

रीडबॅक ऐकण्यातली चूक पकडतो. समजण्यातली चूक त्याला दिसत नाही, कारण वैमानिक तेच शब्द परत म्हणतो आणि नियंत्रकाला आपलेच शब्द ऐकू येऊन समाधान होतं. अपघातानंतर जपानने असा क्रमांक सांगणं काही काळ बंद केलं, ते याचसाठी.

त्यामुळे नियम असा हवा: होल्डिंग पॉइंटच्या पुढे चाक टाकायचं तर धावपट्टीचं नाव आणि ठरलेला शब्द दोन्ही ऐकू आलेच पाहिजेत. ठरलेले शब्द मोजकेच आहेत: लाइन अप अँड वेट (धावपट्टीवर येऊन थांबा), क्रॉस (ओलांडा), बॅकट्रॅक (धावपट्टीवरून उलट दिशेने जा), क्लिअर्ड फॉर टेकऑफ. यातला एकही आला नसेल तर थांबायचं आणि विचारायचं.

यंत्रणेच्या बाजूनेही दोन गोष्टी निसटल्या. सी-फाइव्हचे स्टॉप बार, म्हणजे होल्डिंग पॉइंटवर जमिनीत बसवलेले लाल दिवे, तेव्हा दुरुस्तीसाठी बंद होते. टॉवरमधल्या पडद्यावर धावपट्टी व्यापल्याची खूण रंग बदलून दिसत होती, पण नियंत्रकाची नजर तिकडे गेली नाही. आवाज नसलेली सूचना गर्दीच्या वेळी हरवते.

मुक्तछंद

माझा या क्षेत्राशी संबंध नाही, म्हणून साधा प्रश्न. टॉवर सरळ "धावपट्टीवर येऊ नका" असं का सांगत नाही?

टॉवर१४३२

@मुक्तछंद, कारण वाक्याचा तुकडा गळू शकतो. बोलण्याचं बटण दाबल्यावर ट्रान्समीटर चालू व्हायला क्षणभर लागतो. बटण दाबता दाबताच बोलणं सुरू केलं तर पहिला शब्द जातो. "डू नॉट एंटर" मधलं "डू नॉट" गेलं तर उलटाच हुकूम उरतो. म्हणून "होल्ड शॉर्ट ऑफ रनवे टू सेव्हन" असा होकारार्थी शब्दप्रयोग असतो. अर्धा कापला गेला तरी त्यातून "जा" असा अर्थ निघत नाही. त्याचा रीडबॅक सक्तीचा आहे आणि नुसतं "रॉजर" चालत नाही. "रॉजर" म्हणजे ऐकलं. काय ऐकलं, ते त्यातून कळत नाही.

ध्वनिलहरी

रेडिओची बाजू मी लिहितो, कारण तेनेरीफ बेटावरचा १९७७ चा अपघात त्याशिवाय समजत नाही.

विमानांचा व्हीएचएफ रेडिओ ११८ ते १३७ मेगाहर्ट्झमध्ये चालतो, तोही एएम म्हणजे आयाम-अधिमिश्रणावर. एका फ्रिक्वेन्सीवर एका वेळी एकानेच बोलायचं. दोघांनी एकदम बटण दाबलं तर दोन्ही वाहक लहरी एकमेकींत मिसळतात आणि त्यांच्या फ्रिक्वेन्सीत जो किंचित फरक असतो तो शिट्टी होऊन ऐकू येतो. एक वाहक दुसऱ्यापेक्षा १ किलोहर्ट्झने सरकलेला असेल तर १ किलोहर्ट्झची शिट्टी. एफएम का नाही, असं बरेच विचारतात. एफएममध्ये जोरदार सिग्नल कमजोर सिग्नलला पूर्ण दाबून टाकतो, आणि दुसरं कोणी बोलत होतं याचा मागमूसही राहत नाही. एएमवर निदान शिट्टी तरी येते. ती शिट्टी हीच माहिती असते: तुमचं किंवा दुसऱ्याचं कुणाचं तरी बोलणं पोचलेलं नाही.

आता २७ मार्च १९७७, तेनेरीफचा लोस रोदेओस विमानतळ, दाट धुकं. केएलएम ४८०५ धावपट्टीच्या टोकाला. पॅन ॲम १७३६ त्याच धावपट्टीवरून टॅक्सी करत येतंय. केएलएमला मार्गाची परवानगी मिळाली, उड्डाणाची नाही. पण त्या परवानगीच्या मजकुरातच "आफ्टर टेकऑफ" हे शब्द होते. सहवैमानिकाने लांबलचक रीडबॅक दिला आणि शेवटी जोडलं, "वी आर नाऊ ॲट टेकऑफ". नियंत्रकाने त्याचा अर्थ घेतला की विमान उड्डाणाच्या जागी उभं आहे. प्रत्यक्षात ते धावू लागलं होतं.

नियंत्रक म्हणाला, "ओके". मग सुमारे दोन सेकंदांची फट. मग "स्टँड बाय फॉर टेकऑफ, आय विल कॉल यू". नेमक्या त्याच वेळी पॅन ॲमने सांगितलं की आम्ही अजून धावपट्टीवर टॅक्सी करतोय. दोन्ही संदेश एकमेकांवर पडले. केएलएमच्या कॉकपिटमध्ये "ओके" स्वच्छ पोचलं आणि पुढचं सगळं जवळपास तीन सेकंदांच्या शिट्टीत गेलं. यातला कुठलाही एक संदेश एकटा पोचला असता तर विमान थांबवता आलं असतं. ५८३ माणसं गेली.

आणखी एक बारकावा सहसा कुणी सांगत नाही. त्यानंतर नियंत्रकाने पॅन ॲमला धावपट्टी मोकळी झाल्यावर कळवा म्हणून सांगितलं, ते केएलएमला ऐकू जाण्यासारखं होतं. पण त्या एका वेळी त्याने पॅन ॲमचं रेडिओवरचं नेहमीचं नाव "क्लिपर" सोडून "पापा अल्फा" म्हटलं. केएलएमच्या फ्लाइट इंजिनिअरला तरी शंका आली आणि त्याने ती बोलूनही दाखवली. कॅप्टनने ती उडवून लावली.

त्यानंतर "टेकऑफ" हा शब्द फक्त दोन ठिकाणी राहिला: उड्डाणाची प्रत्यक्ष परवानगी देताना आणि ती रद्द करताना. बाकी सगळीकडे "डिपार्चर". नियंत्रक सहजगत्या "रेडी फॉर टेकऑफ?" विचारत नाही, "रेडी फॉर डिपार्चर?" विचारतो.

पुष्पक_७

म्हणजे तेनेरीफला रीडबॅकला उत्तर म्हणून आलेलं "ओके" हाच खड्डा होता. हिअरबॅक, म्हणजे नियंत्रकाने रीडबॅक कान देऊन तपासणं, हा अर्धा भाग आपण विसरतो. पॅरिसचं २०२२ चं प्रकरण कुणी मांडेल का? तिथे तर मूळ आकडाच चुकला होता.

पश्चिमवारा

मी मांडतो, पण आधी आकड्यांचं एक जुनं प्रकरण, कारण दोन्हीचं मूळ एकच.

१९ फेब्रुवारी १९८९, क्वालालंपूरचं सुबांग. सिंगापूरहून आलेलं फ्लाइंग टायगरचं ७४७ मालवाहू. नियंत्रकाने "डिसेंड टू फोर झिरो झिरो" असे चार अंक म्हटले, अर्थ २४०० फूट. कॉकपिटमध्ये पहिला "टू" हा अंक न राहता "पर्यंत" झाला आणि रीडबॅक आला "ओके, फोर झिरो झिरो". नियंत्रकाने तो खोडला नाही. विमान ४०० फुटांकडे उतरत टेकडीवर आदळलं, चौघेही गेले. योग्य शब्दरचना "टू थाउजंड फोर हंड्रेड फीट" अशी आहे. हजार आणि शंभर उच्चारले आणि शेवटी एकक लावलं की तो "टू" कुठे पळू शकत नाही. ब्रिटनमध्ये तर फ्लाइट लेव्हलच्या (प्रमाण दाबावरून मोजलेल्या उंचीच्या) आधी "टू" लावतच नाहीत. उंची फुटांत असेल तरच "टू", आणि त्यालाही लगेच "ॲल्टिट्यूड" किंवा "हाइट" जोडतात.

१० हजार आणि ११ हजार हीदेखील अशीच जुनी जोडी. वन झिरो, वन वन. म्हणून अमेरिकेत नियंत्रक हा आकडा दोन प्रकारे म्हणतात: वन वन थाउजंड, इलेव्हन थाउजंड.

आता पॅरिस. २३ मे २०२२, शार्ल द गोल, स्टॉकहोमहून आलेलं ए३२०. त्या वेळचा क्यूएनएच, म्हणजे अल्टिमीटरला लावायचा समुद्रसपाटीचा दाब, १००१ हेक्टोपास्कल होता. नियंत्रकाने १०११ सांगितला. वैमानिकांनी १०११ परत वाचला. रीडबॅक शंभर टक्के बरोबर.

एका हेक्टोपास्कलला ढोबळमानाने २८ फूट धरा. दहाचा फरक म्हणजे अल्टिमीटर खऱ्यापेक्षा साधारण २८० फूट जास्त दाखवणार. आयएलएस असतं तर उतरण्याची वाट जमिनीवरच्या सिग्नलने आखली असती आणि वाट तरी खरी राहिली असती. पण त्या दिवशी उपग्रहाधारित आरएनपी अप्रोच होता, आणि त्यात उताराची वाट विमान दाबाच्या उंचीवरूनच काढतं. त्यामुळे सगळी वाटच २८० फूट खाली सरकली. कॉकपिटमधल्या यंत्रांना सगळं ठीक दिसत होतं. विमान धावपट्टीच्या अलीकडे जमिनीपासून ६ फुटांवर आलं आणि तिथून वर उचललं गेलं.

त्याच वेळी दुसऱ्या विमानाला फ्रेंचमध्ये १००१ सांगितलं गेलं होतं.

मुक्तछंद

म्हणजे फ्रेंच ऐवजी इंग्रजीत बोलले असते तर या वैमानिकांनी ते ऐकून चूक पकडली असती?

पश्चिमवारा

शक्यता वाढली असती, खात्री नाही. एकाच फ्रिक्वेन्सीवर दुसऱ्याचं बोलणं कानावर पडून जे चित्र मनात तयार होतं त्याची किंमत मोठी आहे. १० सप्टेंबर १९७६ ला झाग्रेबजवळ ट्रायडेंट आणि डीसी-९ ची टक्कर झाली. अगदी शेवटच्या क्षणी नियंत्रकाने डीसी-९ ला सांगितलं ते सर्बो-क्रोएशियनमध्ये. ट्रायडेंटच्या ब्रिटिश वैमानिकांना त्यातलं काही कळणं शक्य नव्हतं. १७६ जण गेले.

आपल्याकडे भाषेचा हा प्रश्न जवळपास नाही, पण त्याचा एक भाऊबंद आहे. पुण्याच्या लोहगावला नियंत्रण हवाई दलाकडे, गोव्यात दाभोळीला नौदलाकडे. लष्करी विमानं यूएचएफवर बोलत असतात तेव्हा व्हीएचएफवरच्या नागरी वैमानिकाला त्यांची बाजू ऐकू येत नाही. ऐकू आलं नाही म्हणून आकाश मोकळं, असं तिथे कधीच धरू नये. मोपाला नियंत्रण नागरी आहे, पण शेजारी दाभोळी आहेच.

पॅरिसवर व्यवहारी उपाय: क्यूएनएच मिळाला की तो एटिसशी, म्हणजे विमानतळाच्या हवामान वगैरेच्या ध्वनिमुद्रित माहितीशी ताडून पाहायचा. दोन आकड्यांत एक-दोनाहून जास्त तफावत दिसली तर विचारायचंच. अंतिम उतार सुरू होण्याआधी ही ताडणी पूर्ण हवी.

टॉवर१४३२

यात भर. मोड-एस रडार असेल तर वैमानिकाने ऑटोपायलटच्या पॅनलवर निवडलेली उंची आणि अल्टिमीटरला लावलेला दाब हे दोन्ही विमान स्वतःहून खाली पाठवतं. नियंत्रकाच्या पडद्यावर ते दाखवायची सोय केली तर रीडबॅकवर अवलंबून राहावं लागत नाही. वैमानिकाने तोंडाने १४० म्हटलं आणि बोटाने १५० लावलं, तरी दिसतं. माझ्या मते गेल्या काही दशकांतली या विषयातली सगळ्यात उपयोगी सुधारणा हीच. मात्र पॅरिसमध्ये नियंत्रकाच्या डोक्यातलाच आकडा चुकीचा होता, त्यामुळे पडद्यावर १०११ पाहून त्याला काही वावगं वाटलंच असतं असं नाही. मोजलेल्या दाबाशी तुलना यंत्राने करून इशारा द्यायला हवा.

ध्वनिलहरी

+१. हरियाणातल्या चरखी दादरीच्या टकरीचं यावरून आठवलं. १२ नोव्हेंबर १९९६. दिल्लीहून चढणाऱ्या सौदियाच्या ७४७ ला १४ हजार फूट, उतरणाऱ्या कझाक आयएल-७६ ला १५ हजार. दोघांनाही योग्य आदेश, दोघांचीही पोच. कझाक विमान १५ हजारांच्या खाली गेलं, दोन्ही विमानं आदळली, ३४९ जण गेले.

आयएल-७६ मध्ये बोलण्याचं काम रेडिओ ऑपरेटरकडे होतं. त्याच्यापुढे स्वतःचा अल्टिमीटर नव्हता, त्याला वैमानिकांच्या खांद्यावरून पाहावं लागे. म्हणजे आदेश ऐकणारा एक, विमान चालवणारा दुसरा, आणि मधे आणखी एक सांगोवांगीचा टप्पा. रीडबॅक देणाऱ्याच्या हातात विमानच नाही. दिल्लीला तेव्हा अप्रोचसाठी प्राथमिक रडारच होतं. त्यावर ठिपका दिसतो, उंची दिसत नाही. त्यामुळे नियंत्रकाकडे विमानाने सांगितलेल्या आकड्यावर विश्वास ठेवण्यापलीकडे काही नव्हतं. येणाऱ्या-जाणाऱ्यांचा मार्गही एकच होता. नंतर मार्ग वेगळे झाले, उंचीही दाखवणारं दुय्यम रडार आलं आणि भारतात येणाऱ्या विमानांवर टक्करविरोधी टीकॅस सक्तीचं झालं.

कॉपी_दॅट

मग आवाजच कशाला हवा? सीपीडीएलसीने, म्हणजे नियंत्रक-वैमानिकांच्या मजकुरी संदेशांच्या यंत्रणेने, सगळं लेखी पाठवा. ऐकण्याची भानगडच मिटली.

पश्चिमवारा

@कॉपी_दॅट, अरबी समुद्रावर ते होतंच. व्हीएचएफ सरळ रेषेत जातो. ३५ हजार फुटांवरच्या विमानाला साधारण २३० सागरी मैलांपर्यंतच मिळतो. त्यापुढे एचएफ (लांब पल्ल्याचा रेडिओ) किंवा उपग्रहावरून मजकूर. एचएफच्या खरखरीपेक्षा लेखी मजकूर हजारपट बरा, यात वाद नाही.

पण दोन गोष्टी लक्षात घ्या. मजकूर लिहायचा, पाठवायचा, वाचायचा, "विल्को" (समजलं, तसं करतो) दाबायचं, यात अर्धं मिनिट सहज जातं. महासागरावर चालतं. अंतिम अप्रोचवरचं विमान तेवढ्या वेळात मैलभर पुढे गेलेलं असतं. शिवाय लेखी आदेशाच्याही स्वतःच्या चुका आहेत. "अमुक वेळेला चढा" असा सशर्त आदेश आला की सुरुवातीची अट नजरेतून सुटते आणि "चढा" तेवढं डोक्यात राहतं. म्हणून दोन्ही वैमानिकांनी मजकूर आपापला वाचायचा, एकाने मोठ्याने वाचून दुसऱ्याने मान डोलावायची नाही.

टॉवर१४३२

सशर्त आदेशाचा हा धोका आवाजातही आहेच. म्हणून अट दोनदा येते: "बिहाइंड द लँडिंग एअरबस, लाइन अप अँड वेट, बिहाइंड". शेवटचं "बिहाइंड" रीडबॅकमध्ये आलं नाही तर नियंत्रकाने तो स्वीकारू नये. अटीतलं विमान दोघांनाही डोळ्यांनी दिसत असलं पाहिजे, नाहीतर असा आदेश द्यायचाच नाही.

आरटीआर_तयारी

मी आरटीआरची, म्हणजे विमानाचा रेडिओ वापरण्याच्या परवान्याच्या परीक्षेची, तयारी करतेय, त्यामुळे धागा फार कामाचा. दोन प्रश्न. सारख्या कॉलसाइनचं (विमानाच्या रेडिओवरच्या नावाचं) काय करायचं? आणि इंधन कमी असल्याचं नेमक्या कुठल्या शब्दांत सांगायचं? पुस्तकात व्याख्या आहेत, पण कधी काय बोलायचं ते कळत नाही.

पुष्पक_७

इंधनाचं मी सांगतो. २५ जानेवारी १९९०, एव्हियांका ५२, न्यूयॉर्क. एकूण सव्वा तासाच्या आसपास आकाशात थोपवून ठेवलं. सहवैमानिकाने "प्रायॉरिटी" हवी म्हटलं, "वी आर रनिंग आउट ऑफ फ्युएल" म्हटलं. "इमर्जन्सी" किंवा "मेडे" एकदाही म्हटलं नाही, कॅप्टनने स्पॅनिशमध्ये तसं सांगायला सांगूनही. पहिला अप्रोच हुकल्यावर नियंत्रकाने पंधरा मैल लांब नेऊन परत आणतो, इंधनाला चालेल ना, असं विचारलं. उत्तर आलं, "आय गेस सो, थँक यू व्हेरी मच". चारही इंजिनं बंद पडून विमान लाँग आयलंडवर कोसळलं, १५८ पैकी ७३ गेले. नियंत्रकाच्या दृष्टीने इंधन कमी आहे म्हणणारी विमानं त्या रात्री बरीच होती, आणि विनंतीवजा सुरात आलेल्या शब्दांतून निकड पोचली नाही.

आता शब्द दोनच. "मिनिमम फ्युएल" म्हणजे आम्ही याच विमानतळावर उतरायला बांधलेलो आहोत, यापुढे विलंब झाला तर राखीव इंधनाला हात लागू शकतो. ही आणीबाणी नाही, त्यावर प्राधान्य मिळत नाही. ही नियंत्रकाला दिलेली आगाऊ सूचना. "मेडे, मेडे, मेडे, फ्युएल" म्हणजे उतरेपर्यंत अंतिम राखीव इंधनातलं खर्च होणार हे गणिताने दिसतंय. जेट विमानाचं अंतिम राखीव म्हणजे १५०० फुटांवर ३० मिनिटं घिरट्या घालता येतील एवढं. हिशेब तिथे पोचला की त्याच क्षणी मेडे. "प्रायॉरिटी" या शब्दाच्या वाटेला जाऊ नका.

टॉवर१४३२

कॉलसाइनचं: एका फ्रिक्वेन्सीवर एकाच कंपनीची आठ-दहा विमानं असली की कंपनीचं नाव निरुपयोगी होतं, सगळा भार आकड्यांवर येतो. ५१३ आणि ५३१ तर घातकच. म्हणून कंपन्या आता आकड्यांत अक्षर मिसळतात, "सिक्स टू किलो" अशा धर्तीवर. नियंत्रक दोघांनाही सावध करू शकतो, तात्पुरतं कॉलसाइन बदलूही शकतो. वैमानिकाने आपलं पूर्ण कॉलसाइन सोडू नये आणि ते रीडबॅकमध्ये आलंच पाहिजे. आपल्याला अनपेक्षित आदेश आला, की तो कदाचित दुसऱ्याचा असेल, हे गृहीत धरून विचारा. आपल्याला आलेल्या आदेशाचा रीडबॅक दुसऱ्याने दिलेला ऐकलात तर लगेच सांगा, संकोच नको.

ध्वनिलहरी

@आरटीआर_तयारी, परीक्षा आता डीजीसीएकडे आली असली तरी तोंडी भागात हेच पाहतात की बोलताना हात आणि जीभ शिस्तीत आहेत का. आधी ऐका, फ्रिक्वेन्सी मोकळी आहे ना बघा, बटण दाबा, एक श्वास थांबा, बोला, शेवटचा शब्द संपल्यावर सोडा. मिनिटाला १०० शब्दांपेक्षा जास्त वेग नको. माइक ओठांच्या कोपऱ्यापाशी, एका बोटाच्या जाडीहूनही जवळ. नॉइज कॅन्सलिंग माइक लांब गेला की तुमचाच आवाज गोंगाट समजून कापतो.

बटण अडकलं तर तुम्ही नकळत सगळी फ्रिक्वेन्सी बंद पाडता, आणि तुम्हाला मात्र शांतता ऐकू येते. गजबजलेल्या फ्रिक्वेन्सीवर अचानक शांतता झाली की रेडिओवरचा ट्रान्समिटचा दिवा पाहा. बऱ्याच नव्या रेडिओंत साधारण अर्ध्या मिनिटाने प्रक्षेपण आपोआप तुटतं, जुन्यांत नाही.

आरटीआर_तयारी

धन्यवाद. आणि दोन्ही रेडिओ गेलेच तर?

पश्चिमवारा

आधी आवाजाची खुंटी, स्क्वेल्च (खरखर दाबणारी खुंटी), हेडसेटचा प्लग, फ्रिक्वेन्सीचे आकडे. बहुतेक वेळा बिघाड यातच सापडतो. मग आधीची फ्रिक्वेन्सी, मग आणीबाणीची १२१.५. काहीच नाही तर ट्रान्सपॉन्डरवर (रडारला उत्तर देणाऱ्या यंत्रावर) ७६००, म्हणजे रेडिओ बंद पडल्याचा संकेतांक लावा. बोलणं पोचतंय की नाही कळत नसेल तर "ट्रान्समिटिंग ब्लाइंड" म्हणून आपला इरादा दोनदा सांगा.

टॉवरच्या टप्प्यात आलात की तिथून दाखवल्या जाणाऱ्या दिव्याकडे पाहा. हवेत असताना स्थिर हिरवा म्हणजे उतरा, स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट द्या आणि घिरट्या चालू ठेवा, लुकलुकता हिरवा म्हणजे उतरण्यासाठी परत या, लुकलुकता लाल म्हणजे विमानतळ असुरक्षित, उतरू नका. जमिनीवर लुकलुकता हिरवा म्हणजे टॅक्सी करा, स्थिर लाल म्हणजे थांबा, लुकलुकता लाल म्हणजे धावपट्टीवरून बाजूला व्हा, लुकलुकता पांढरा म्हणजे निघालात तिथे परत जा. पोच द्यायची तर हवेत दिवसा पंख हलवा, रात्री लँडिंग लाइट दोनदा चालू-बंद करा. जमिनीवर दिवसा एलेरॉन (पंखांवरच्या पट्ट्या) किंवा रडर (शेपटीचं सुकाणू) हलवा.